लिव्हरचा मृत्युलेख आणि अल्ब्युमिनची ओळ

लोकलमध्ये, बसमध्ये, भांडी घासताना ज्यांनी हा भाग ऐकला त्यांना गोष्ट माहीत आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे भाग लिहून काढलाय. बोलताना झालेलं अडखळणं काढलंय, बाकी तेच.

विषय इतिहासाचा आहे, पण सुरुवात व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एका पीडीएफने करतो.

दोन वर्षांपूर्वी मामीने मला मामाचा रक्ताचा रिपोर्ट पाठवला. "तू इंजिनिअर आहेस ना, जरा बघून सांग रे." आपल्याकडे घरातला इंजिनिअर म्हणजे वायफायपासून रक्तापर्यंत सगळ्याचा जाणकार. मामाचं किराणा मालाचं दुकान. संध्याकाळी पाय सुजायचे. दिवसभर उभं राहून होत असेल, असं सगळे म्हणायचे. दारूला तो कधी शिवला नाही. मी रिपोर्ट उघडला, लिव्हरच्या पानावर एसजीपीटी पाहिलं, ३८. एसजीओटीही रेंजच्या आसपास. मी लगेच टाइप केलं, "मामी, लिव्हर एकदम ओके. टेन्शन नको."

त्याच पानावर चार ओळी खाली ठळक अक्षरात लिहिलं होतं: अल्ब्युमिन २.६. नॉर्मल ३.५ च्या वर. मला वाटलं, अल्ब्युमिन म्हणजे प्रोटीन, म्हणजे खाण्यात कमी पडतंय. मी सल्लाही दिला, "डाळ, अंडी, पनीर वाढवा."

चार महिन्यांनी मामाच्या पोटात पाणी झालं. डॉक्टरांनी जुने रिपोर्ट मागितले, ते पान पाहिलं आणि त्या अल्ब्युमिनच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे तेव्हाच दिसत होतं की." सिरोसिस होता.

मी रोज ऑफिसमध्ये लॉग वाचतो. त्या दिवशी मी चुकीची ओळ वाचली होती. अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन लिव्हरच्या पानावर का छापतात, हा साधा प्रश्न मी विचारला नव्हता. मग तो विचारला, आणि उत्तर शोधता शोधता थेट रोमपर्यंत गेलो. कारण माणसाला हे उत्तर पक्कं मिळायला जवळजवळ १,८०० वर्षं लागली.

राजा लिव्हर

दुसऱ्या शतकात गेलन नावाचा ग्रीक वैद्य रोममध्ये काम करत होता. त्याचं म्हणणं असं: आपण जे खातो त्याचा रस आतड्यातून एका मोठ्या शिरेने लिव्हरमध्ये जातो, तिथे त्याचं रक्त होतं, आणि ते रक्त शरीरभर जाऊन वापरलं जातं. संपलं की नवीन. म्हणजे लिव्हर हा रक्ताचा कारखाना.

आपल्याकडेही विचार याच्या जवळचाच होता. चरकसंहितेत रक्त वाहणाऱ्या स्रोतसांचं मूळ म्हणून यकृत आणि प्लीहा सांगितलेत. सुश्रुताच्या परंपरेत रसाला लाल रंग यकृत-प्लीहेत चढतो. दोन वेगळ्या देशांत लोकांना एकच गोष्ट वाटावी, याचं कारण अवघड नाही. लिव्हर कापून बघितलं तर ते रक्ताने भरलेलं, रक्ताच्याच रंगाचं असतं. बघणाऱ्याला दुसरं काय वाटणार?

गेलनचं हे म्हणणं युरोपात सुमारे १,४०० वर्षं चाललं.

गणिताने मारलं

१६२८ साली इंग्लंडच्या विल्यम हार्वेने एक हिशोब मांडला. हृदय एका ठोक्याला किती रक्त ढकलतं, ते ठोक्यांच्या संख्येने गुणलं, तर अर्ध्या तासातच शरीरात असलेल्या सगळ्या रक्तापेक्षा मोठा आकडा येतो. एवढं रक्त लिव्हर रोजच्या जेवणातून बनवणार कसं? शक्यच नाही. म्हणजे रक्त संपत नाही, तेच तेच फिरतं.

दुसरा धक्का आतड्याकडून आला. इटलीत गास्पारे असेलीला १६२२ मध्ये, नुकतंच खाल्लेल्या कुत्र्याच्या पोटात दुधासारख्या पांढऱ्या रसाने भरलेल्या बारीक नळ्या दिसल्या. त्याला वाटलं, त्या लिव्हरकडेच जातात. १६५१ मध्ये फ्रान्सच्या झां पेकेने दाखवलं की हा पांढरा रस लिव्हरला वळसा घालून छातीतल्या एका नळीने वर चढतो आणि मानेजवळ थेट शिरेत मिसळतो. म्हणजे जेवणाचा रस लिव्हरकडे जातच नाही!

कोपनहेगनच्या थॉमस बार्थोलिनने मग कमालच केली. १६५३ मध्ये त्याने लिव्हरचा चक्क मृत्युलेख लिहिला, थडग्यावर कोरतात तसा. रक्त बनवणाऱ्या राजाचं राज्य खालसा, आता त्याच्याकडे पित्ताचं काम तेवढं उरलं, असा त्याचा सूर.

इथे एक गंमत लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. पेके अर्धाच बरोबर होता. त्या पांढऱ्या नळ्यांतून जातं ते मुख्यतः जेवणातलं तेल-तूप. डाळीचं, अंड्याचं प्रोटीन पचून त्याचे जे सुटे मणी होतात, म्हणजे अमिनो अ‍ॅसिड, ते गेलनने सांगितलेल्या त्याच मोठ्या शिरेने लिव्हरकडे जातात. कच्चा माल कारखान्यात पोहोचतच होता. फक्त तो पांढरा नसल्यामुळे डोळ्यांना दिसत नव्हता.

लिव्हर रक्तात काहीतरी सोडतं

पुढची जवळजवळ दोनशे वर्षं लिव्हर म्हणजे पित्त, एवढंच. मग पॅरिसमध्ये क्लोद बर्नार आला. १८४८ मध्ये त्याला दिसलं की कुत्र्याला फक्त मांस खायला घातलं तरी लिव्हरमधून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर असते. पुढे १८५५ च्या सुमारास त्याने बाहेर काढलेल्या लिव्हरच्या रक्तवाहिन्यांतून पाणी सोडून साखर पार धुऊन टाकली. लिव्हर तसंच ठेवलं. काही तासांनी त्यात पुन्हा साखर!

धुतलेला, शरीरापासून तोडलेला तुकडा स्वतःच काहीतरी तयार करतोय, हे पहिल्यांदाच इतकं स्पष्ट दिसलं. एखादा अवयव नळीने बाहेर रस टाकतो तसाच थेट रक्तातही माल सोडू शकतो, ही कल्पना बर्नारची.

पण साखर हा लहान रेणू. रक्तातली प्रोटीन मोठी आणि गुंतागुंतीची. ती कोण बनवतं?

आधी ही प्रोटीन काय करतात ते बघू

रक्तातून पेशी काढून टाकल्या की पिवळसर पाणी उरतं, तो प्लाझ्मा. त्याच्या १०० मिलिलिटरमध्ये साधारण ६ ते ८ ग्रॅम प्रोटीन असतं. निम्म्याहून जास्त अल्ब्युमिन. बाकी ग्लोब्युलिन नावाचा मोठा गट, आणि थोडं फायब्रिनोजेन, ज्याच्या धाग्यांनी जखमेवरचं रक्त गोठतं.

१८९६ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट स्टार्लिंगने दाखवलं की ही प्रोटीन रक्तातलं पाणी धरून ठेवतात. बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी दाबाने बाहेर ढकललं जातं आणि प्रोटीन ते आत खेचतात. त्यात सगळ्यात मोठा वाटा अल्ब्युमिनचा. अल्ब्युमिन घटलं की पाणी बाहेर राहतं. आधी पायात, मग पोटात. लिव्हरच्या आजारात पोटात पाणी होण्याला आणखीही एक कारण असतं. लिव्हर कडक झाल्याने त्या मोठ्या शिरेतला दाब वाढतो. दोन्ही गोष्टी एकत्र येतात.

आपल्या आज्या जलोदर म्हणायच्या ते हेच. म्हणजे मामाचे सुजलेले पाय दुकानात उभं राहून सुजले नव्हते.

संशय पक्का, पुरावा कच्चा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑपरेशनसाठी क्लोरोफॉर्म सर्रास वापरत. काही पेशंट ऑपरेशन नीट होऊनही दोन-चार दिवसांनी दगावायचे. लिव्हर जळाल्यासारखं झालेलं असायचं. अमेरिकेत जॉर्ज व्हिपल आणि त्याच्या सहकाऱ्याने १९११ मध्ये कुत्र्यांवर प्रयोग करून छापलं की क्लोरोफॉर्मने लिव्हर खराब झालं की रक्तातलं फायब्रिनोजेन झपाट्याने पडतं आणि लिव्हर सुधारलं की परत चढतं. एकाचा दुसऱ्याशी संबंध तर दिसला.

१९१८ च्या सुमारास व्हिपलच्या गटाने पुढचा प्रयोग केला. कुत्र्याचं रक्त काढायचं, प्लाझ्मा फेकून द्यायचा, लाल पेशी मिठाच्या पाण्यात घालून परत चढवायच्या. रक्तातलं प्रोटीन घटतं. मग ते किती दिवसांत भरून येतं ते मोजायचं. ज्यांचं लिव्हर आधीच दुखावलेलं, त्यांच्यात भरायला जास्त वेळ लागला.

तरी कोर्टात टिकेल असा पुरावा हा नव्हता. आजारी कुत्रा खात नाही, त्याचे इतर अवयवही दमलेले असतात. प्रोटीन कमी होण्याचं कारण यातलं कुठलंही असू शकतं.

मग लिव्हर काढूनच टाकलं तर? मेयो क्लिनिकच्या फ्रँक मानने १९२१ मध्ये कुत्र्यांचं पूर्ण लिव्हर काढण्याची पद्धत छापली. कुत्रे काही तासांतच साखर कमी होऊन कोसळायचे. ग्लुकोज दिलं की उठून चालायचे, पण तेही थोडाच वेळ. आणि इथेच अल्ब्युमिनने सगळ्यांना चकवलं. माणसाच्या रक्तातलं अल्ब्युमिन निम्मं व्हायला सुमारे २० दिवस लागतात. कुत्र्यातही हिशोब दिवसांचाच. कारखाना बंद झाला तरी गोदामातला माल एका दिवसात कमी झालेला दिसत नाही. आणि लिव्हरशिवाय कुत्रा त्याहून जास्त जगत नाही. प्रयोग संपायचा, उत्तर मिळायचं नाही.

कोण बनवतं ते माहीत नाही, पण बाटलीत भरलं

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली. १९३७ मध्ये स्वीडनच्या आर्ने टिसेलियसने विजेच्या साहाय्याने प्लाझ्मातली प्रोटीन वेगळी केली. अल्ब्युमिन, आणि अल्फा, बीटा, गॅमा ग्लोब्युलिन. आजच्या रिपोर्टमधली ही नावं तिथूनच आली. १९४० पासून हार्वर्डमध्ये एडविन कोनने थंड अल्कोहोल वापरून प्लाझ्मातून अल्ब्युमिन मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत बसवली. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा भाजलेल्या जखमींना हे अल्ब्युमिन दिलं गेलं.

म्हणजे अल्ब्युमिन बाटलीत भरून विमानाने नेलं जात होतं, माणसं वाचवत होतं, आणि ते शरीरात नेमकं कुठे तयार होतं याचा थेट पुरावा तेव्हा कोणाकडेच नव्हता.

शेवटी एकट्या लिव्हरला चालवून बघितलं

एखादा आकडा नेमक्या कुठल्या मॉड्यूलमधून येतोय हे कळत नसेल, तर आम्ही काय करतो? तो मॉड्यूल बाकीच्यांपासून सोडवतो, त्याला खुणेचा इनपुट देतो आणि ती खूण आउटपुटमध्ये येते का ते बघतो. लिव्हरच्या बाबतीत अगदी हेच झालं.

खुणेचा इनपुट फेब्रुवारी १९४० मध्ये कॅलिफोर्नियात सापडला. मार्टिन केमन आणि सॅम रुबेन यांनी कार्बन-१४ शोधला. हा किरणोत्सारी कार्बन अमिनो अ‍ॅसिडमध्ये घातला की ते अमिनो अ‍ॅसिड कुठेही जाऊन बसो, यंत्राला त्याचा पत्ता लागतो. युद्धानंतर तो प्रयोगशाळांना मिळू लागला.

१९५० मध्ये थिओडोर पीटर्स आणि ख्रिश्चन अ‍ॅनफिन्सन यांनी कोंबडीच्या लिव्हरच्या पातळ चकत्या काचेच्या भांड्यात ठेवून त्यांच्याकडून नवीन अल्ब्युमिन बनवून घेतलं. शरीर नाही, हृदय नाही, फक्त चकत्या.

आणि १९५१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये, जिथे व्हिपल तेव्हा होता त्याच विद्यापीठात, लिऑन मिलर आणि सहकाऱ्यांनी उंदराचं अख्खं लिव्हर बाहेर काढलं. त्याच्या शिरेला नळी जोडली आणि त्यातून प्राणवायू मिसळलेलं रक्त पंपाने फिरवत ठेवलं. त्या रक्तात कार्बन-१४ ची खूण असलेलं लायसिन नावाचं अमिनो अ‍ॅसिड टाकलं आणि काही तास वाट पाहिली. मग प्लाझ्मातली प्रोटीन वेगळी करून मोजली.

खूण तिथे होती. त्यांचा निष्कर्ष असा: जवळजवळ सगळं अल्ब्युमिन आणि फायब्रिनोजेन, आणि बहुधा ८० टक्क्यांहून जास्त ग्लोब्युलिन एकटं लिव्हर बनवतं.

चांगला टेस्टर उलटी टेस्टही करतो. त्यांनीही केली. लिव्हर सोडून उरलेल्या शरीरावर तसाच प्रयोग करून १९५४ मध्ये छापला. लिव्हरशिवाय जे प्रोटीन बनत होतं ते मुख्यतः गॅमा ग्लोब्युलिन, म्हणजे आपली अँटिबॉडी. तिचा पत्ता वेगळा होता. अँटिबॉडी प्लाझ्मा सेल नावाच्या पेशी बनवतात, हे स्टॉकहोमच्या आस्त्रिद फाग्रेउसने १९४८ मध्येच मांडलं होतं. दोन्ही बाजू जुळल्या.

माणसातला पुरावा यायला अजून थोडी वर्षं गेली. १९६७ पासून डेन्व्हरमध्ये थॉमस स्टार्झलच्या टीमचे लिव्हर बदललेले पेशंट दीर्घकाळ जगू लागले. रक्तात हॅप्टोग्लोबिन नावाचं एक प्रोटीन असतं. त्याचे जन्मजात प्रकार असतात आणि ते जन्मभर बदलत नाहीत. स्टार्झलच्या टीमने १९६८ मध्ये छापलं की लिव्हर बदलल्यावर पेशंटच्या रक्तात हॅप्टोग्लोबिनचा प्रकार दात्याचा झाला. माणूस तोच, प्रोटीन दुसऱ्याचं. कारखाना कुठला आहे याबद्दल आता वाद घालायला जागाच उरली नाही.

बार्थोलिनचा मृत्युलेख ३०० वर्षांनी असा खोटा ठरला. लिव्हर रक्त बनवत नाही, हार्वे बरोबर. पण रक्ताला रक्तपण देणारी, पाणी धरणारी, जखम बुजवणारी बहुतेक प्रोटीन तेच बनवतं. म्हणजे गेलन आणि आपले जुने वैद्यही अगदीच हवेत बोलत नव्हते.

आता पुन्हा त्या पीडीएफकडे

एसजीपीटी हे लिव्हरच्या पेशींच्या आतलं एन्झाइम. पेशी फुटली की ते रक्तात गळतं. म्हणजे ती तोडफोडीची नोंद झाली. मोडायला पेशीच कमी उरल्या, किंवा मोडणं हळूहळू चाललं असेल, तर हा आकडा नॉर्मल दिसू शकतो. सिरोसिसमध्ये तसं होतं. अल्ब्युमिन हा कामाचा आकडा. निरोगी लिव्हर दिवसाला साधारण १० ते १५ ग्रॅम अल्ब्युमिन बनवतं. मामाला नंतर हॉस्पिटलमध्ये १०० मिलिलिटरची २० टक्केवाली बाटली लावली, तिच्यात २० ग्रॅम होतं. महागडी बाटली, कोणीतरी दिलेल्या प्लाझ्मातून काढलेली, आणि धडधाकट लिव्हरच्या जेमतेम दीड-दोन दिवसांच्या कामाएवढी. आपलं लिव्हर हे काम रोज फुकट करतं.

रक्त गोठवणारी बरीचशी प्रोटीनही लिव्हरचीच, म्हणून डॉक्टर पीटी-आयएनआर ही टेस्टही सांगतात. त्यातली काही प्रोटीन काही तासांतच संपतात, त्यामुळे लिव्हर अचानक बिघडलं तर आयएनआर लगेच बोलतो. अल्ब्युमिन आठवड्यांच्या हिशोबाने बोलतं. १९६४ च्या चाइल्ड-टर्कोट आणि १९७३ च्या पग यांच्या पद्धतींपासून आजपर्यंत, सिरोसिस किती पुढे गेलाय हे मोजताना अल्ब्युमिन धरतातच.

एक सावधगिरी. अल्ब्युमिन कमी म्हणजे लिव्हरच बिघडलं असं समजून घाबरू नका. लंडनच्या रिचर्ड ब्राइटने १८२७ मध्येच दाखवलं होतं की किडनी बिघडली की अल्ब्युमिन लघवीतून वाहून जातं. मोठं इन्फेक्शन, आतड्याचे आजार, बराच काळ नीट न खाणं, यांतही ते घटतं. कारण शोधणं डॉक्टरांचं काम. आपलं काम एवढंच, की ती ओळ नजरेतून सुटू द्यायची नाही आणि "अंडी खा" म्हणून मोकळं व्हायचं नाही. कच्चा माल कितीही पाठवा, कारखानाच मोडलेला असेल तर माल निघणार कुठून?

मामा आज आहे. मीठ कमी, गोळ्या वेळेवर, दर तीन महिन्यांनी रक्त. दुकानात आता स्टूल ठेवलंय. चार महिने आधी गेलो असतो तर किती फरक पडला असता, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "पुढचं बघू." मामीने मला कधी बोल लावला नाही. अजूनही रिपोर्ट आला की पहिला मलाच पाठवते. मी आता "ओके" लिहीत नाही. लिहितो, "मामी, अल्ब्युमिन ३.१ आहे, मागच्या वेळी २.९ होतं. डॉक्टरांना दाखवा, मी पण येतो."

तुमच्या घरच्या ग्रुपवरही अशी एखादी पीडीएफ पडलेली असेल. लिव्हरचं पान उघडा, सगळ्या ओळी वाचा, आणि काही खटकलं तर डॉक्टरांकडे न्या. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!